मन मोकळं करा, पण आमच्याकडे नको

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. १९९२ पासून चालत आलाय, तेव्हा तो कसा साजरा करायचा हे एव्हाना तुम्हाला ठाऊक असेलच. सकाळी स्टेटसला हिरवी फीत लावा. खाली लिहा, 'मन मोकळं करा, मी आहे.' मग फोन सायलेंटवर टाका. एखाद्याने खरंच केलं तर काय घ्या!

तरीही कुणीतरी गाठतोच. झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही, सकाळी अंथरुणातून उठणंच जड जातं, असं काहीबाही सांगू लागतो. घाबरू नका. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू करायचं. 'अरे, एवढा विचारच कशाला करतोस?' बिचाऱ्याला हे सुचलंच नव्हतं! 'तुला काय कमी आहे?' हा हुकमी एक्का मात्र शेवटी काढा. त्यानंतर तो पुन्हा विषय काढत नाही, आणि तो बरा झाला असं समजायला तुम्ही मोकळे.

मरणाचे विचार येतात का, हे तर चुकूनही विचारू नका. विचारल्याने नसतं खूळ डोक्यात शिरतं, हा आपला लाडका समज आहे. अभ्यासांत तसं काही आढळलेलं नाही, उलट थेट विचारल्यावर माणसाला बोलायला वाट मिळते. पण मग ऐकत बसावं लागतं.

समजा तो डॉक्टरांकडे गेलाच. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला सहसा काही आठवडे जातात, मळमळ मात्र सुरुवातीलाच होऊ शकते. ही संधी दवडू नका. आठव्या दिवशी विचारा, 'काय, पडला फरक?' नसतोच पडलेला. 'बघ, मी म्हणत नव्हतो?' आणि पुढे फरक पडलाच तर म्हणा, 'आता बरा आहेस ना, मग बंद कर, सवय लागेल.' दोन्हीकडून जीत तुमचीच. तोवर घरातल्या गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवा, म्हणजे पाहुण्यांना दिसल्या तरी अब्रू शाबूत. डबीवर नाव एक, आत गोळी भलतीच. एखाद्या पाहुण्याने अशक्तपणा वाटतोय म्हणून त्यातली एक तोंडात टाकली, तर ती जबाबदारी पाहुण्याची.

ऑफिसात साहेब असाल तर तुमच्या हातात जास्त आहे. आजारपणाची रजा संपवून तो परतला की त्याच्याशी हळू आवाजात बोला, लहान मुलाशी बोलतात तसं. महत्त्वाची कामं काळजीपोटी काढून घ्या. मीटिंगला बोलावू नका, उगाच ताण नको. आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात लिहा, 'जबाबदारी घेण्यात कमी पडतो.' इतका स्वच्छ हिशोब क्वचितच जमून येतो.

हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं, हे तर सांगायलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०१९ मध्ये जगात सुमारे ९७ कोटी लोकांना मानसिक विकार होते, म्हणजे आठांतला एक. घरात सातच माणसं असतील तर तुम्ही सुटलात.

एवढं करूनही समाजसेवेची हौस उरली असेल, तर जनजागृतीचा कार्यक्रम घ्या. इथे जरा सांभाळून. ज्यांनी आजार भोगलाय त्यांच्याशी थेट ओळख झाली, गप्पा झाल्या, की लोकांच्या मनातला कलंक सगळ्यात जास्त ओसरतो, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगून ठेवलंय. तेव्हा व्यासपीठावर प्रमुख पाहुणे बसवा, तज्ज्ञ बसवा, प्रायोजक तर बसतातच. आजार भोगलेला माणूस बोलवावाच लागला, तर पूर्ण बरा झालेला, हसरा आणि कुणाबद्दल तक्रार नसलेला बघून घ्या. त्याचं भाषण आधी वाचायला मागा. साहेबांनी रजेनंतर काय केलं, हा परिच्छेद वेळेअभावी गाळा.