मासा कुणाचं अरिष्ट अंगावर घेत नाही

“घरातला मासा अचानक मेला तर वाईट वाटून घेऊ नका. घरावर येणारं अरिष्ट त्याने स्वतःवर घेतलं. त्याच दिवशी नवा मासा आणून सोडा.” सध्या फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजची ही सुरुवात. पुढे सूचना: आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा, दर आठवड्याला सगळं पाणी काढून टाकी लख्ख धुवा, मासे वर येऊन तोंड उघडू लागले की ते भुकेले आहेत, खायला घाला, आणि पाण्यात खडेमीठ टाका. खाली ‘दहा जणांना पाठवा’.

असले मेसेज मी न वाचता पुसते. हा पुसला नाही, कारण तो ऐरोलीला माझ्या तिसरीतल्या भाच्यापर्यंत पोहोचला. त्याचे दोन गोल्डफिश गेले त्याच आठवड्यात त्याच्या आजोबांची अँजिओप्लास्टी झाली. घरातल्या एका मोठ्या माणसाने मेसेज दाखवून त्याला समजावलं, “बघ, तुझ्या माशांनी आजोबांना वाचवलं.” रात्री तो आईला विचारत होता, “आजोबा परत आजारी पडले तर पुरतील एवढे मासे आहेत ना आपल्याकडे?” लेकराच्या डोक्यात हे भरवणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की ते मासे आजोबांसाठी मेले नाहीत. ते स्वतःच्याच घाणीत गुदमरून मेले, आणि ते टाळता आलं असतं.

टाकी सकाळी भरली, संध्याकाळी मासे सोडले. बहुतेक घरांत हेच होतं. पहिले काही दिवस सगळं छान दिसतं, मग मासे कोपऱ्यात तळाशी बसू लागतात, पर अंगाला चिकटवून घेतात, कल्ले लालभडक दिसतात, आणि एका सकाळी एक तरंगताना सापडतो. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ, म्हणून मरण ‘अचानक’ वाटतं. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, उरलेलं खाणं कुजूनही तो तयार होतो. अमोनियाला रंग नसतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बरंच कमी घातक असं नायट्रेट. नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

हे माझं मत नव्हे. टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांचा 1998 सालचा शोधनिबंध ‘अप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात आहे. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोस्पायरासारखे जीवाणू करतात, हे त्यांनी दाखवलं. कोणता जीवाणू कोणतं काम करतो हे प्रयोगशाळेत तपासून झालंय, आणि आपण अजून अरिष्टावर अडकलोय.

आता ‘त्याच दिवशी नवा मासा’ ही सूचना बघा. ज्या पाण्याने एक मासा मारला, त्याच पाण्यात दुसरा सोडायचा. अमोनिया आणखी वाढतो, नवा मासा जातो, अगोदरचा उरलेलाही जातो. मग पुन्हा दुकान. या सल्ल्याने फायदा कुणाचा होतो हे सांगायला नको.

टाकी लख्ख धुणं त्याहून वाईट. नळाखाली स्पंज पिळला की क्लोरीनच्या पाण्याने जेमतेम रुजलेले जीवाणू मरतात, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. मासा मेला असेल तर तो लगेच काढा, एक-दोन दिवस खाणं बंद ठेवा, आणि रोज पाव ते एक तृतीयांश पाणीच बदला. नवं पाणी अँटिक्लोरीनचे थेंब घातलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार हवं. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळवायचा. आवाज होतो म्हणून रात्री फिल्टर बंद करू नका, त्या जीवाणूंनाही ऑक्सिजन लागतो.

तोंड उघडणारा मासा भुकेला? भुकेला मासा तुम्ही जवळ आलात की काचेकडे धावतो, तुम्ही गेलात की फिरायला लागतो. जो खोलीत कुणी नसतानाही पाण्याच्या वरच्या थरालाच चिकटून भराभर कल्ले हलवतो, त्याला श्वास पुरत नाहीये. अमोनियाने कल्ले भाजलेले असतात, त्यात आपला उन्हाळा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. अशा माशाला खाणं टाकणं म्हणजे अमोनियात भर. एअर पंप लावा, पाणी बदला. (फायटर आणि गुरामी या जातींचे मासे वर येऊन हवा घेतात ते वेगळं, त्यांची रचनाच तशी आहे.)

आठ सोनेरी, एक काळा याबद्दल जास्त लिहीत नाही. दीड फुटी टाकीत जेमतेम तीसेक लिटर पाणी बसतं आणि गोल्डफिश वीतभर वाढतो, नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. तीस लिटरमध्ये नऊ ठेवणं हा छळ आहे, मग वास्तुशास्त्र बघून टाकी ईशान्येला ठेवा की नैर्ऋत्येला.

राहिलं मीठ. इथे नाइलाजाने मान्य करते की त्यात थोडं तथ्य आहे. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, आणि मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांपाशीच अडवतं. पण अमोनियावर मिठाचा हा उपाय नाही. शिवाय पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं, त्यामुळे रोज मूठ टाकणाऱ्याच्या टाकीत ते साठत जातं. आधी थेंबांचं टेस्ट किट आणून नायट्राइट मोजा. ते निघालं तरच मीठ, तेही वजन करून, आणि पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं.