कंपनीतला साहेब कसा गायब करावा

सांगलीत विश्रामबागेत नाहीतर कुपवाड रोडला दोन गाळे घेऊन तुम्ही सॉफ्टवेअर कंपनी टाकलीय, पंधरावीस पोरं आहेत, निम्मी वालचंद कॉलेजची निम्मी विटा-तासगावकडची, काम पुण्याच्या एका कंपनीकडनं येतंय आणि पुण्याच्या कंपनीला ते अमेरिकेतनं येतंय, पगार पाच-सात तारखेपर्यंत होतोय, सगळं तसं बरं चाललंय. तरी तुमचं मन लागत नाही. कारण तुम्ही लिंक्डइनवर वाचलंय की जगातल्या भारी कंपन्यांत आता बॉसच नसतो. आणि तुमच्याकडं अजून आहे. म्हणजे तुम्हीच.

घाबरू नका, यावर उपाय आहे.

सुरुवात फर्निचरपासनं करायची. विचारापासनं करायची नाही, विचाराला वेळ लागतो. केबिन पाडून टाका. अमेरिकेत बेलव्ह्यूला वॉल्व्ह म्हणून गेमची कंपनी आहे, स्टीम हे गेम विकायचं ऑनलाइन दुकान त्यांचंच, त्यांचं नव्या कर्मचाऱ्यांसाठीचं हँडबुक 2012 मध्ये बाहेर फुटलं आणि जगभरच्या मालकांना याड लागलं. इथं कुणी कुणाला रिपोर्ट करत नाही, कुठल्या प्रोजेक्टवर काम करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, टेबलाला चाकं आहेत, ढकलत न्या आणि ज्यांच्याबरोबर काम करायचंय त्यांच्या शेजारी लावा, असं त्यात लिहिलेलं. तुम्हीपण चाकं बसवून घ्या. फक्त एप्रिलमध्ये लाइट जायला लागली की कळेल, अख्ख्या हॉलमध्ये इन्व्हर्टरवरचे पॉइंट सहा, सहाच्या सहा खिडकीकडच्या भिंतीला, आणि तिथं जे सहाजण जाऊन बसलेत ते चाकं असूनसुद्धा दिवाळीपर्यंत तिथनं हललेले नाहीत. त्यांची नावं बघून ठेवा. कंपनी आता ते चालवतात.

मग पदं. इथं जरा जपून. तुम्ही सगळ्यांच्या कार्डावरनं सीनियर, लीड, मॅनेजर सगळं काढून टाकाल, सगळे नुसते 'टीम मेंबर', पोरं टाळ्या वाजवतील, ग्रुपवर केकचे फोटो पडतील, आणि महिन्याभरात त्यातला एकजण तोंड पाडून तुमच्यासमोर उभा राहील. कवठेमहांकाळला मुलगी बघायला गेला होता. मुलीच्या वडिलांनी सरळ विचारलं, 'पाव्हणं, हाताखाली किती माणसं हायती?' यानं इमानदारीत सांगितलं, आमच्यात हाताखाली कुणी नसतं, वर पण कुणी नसतं, सगळे समान. तिकडं जरा शांतता झाली. मग मुलीचा मामा हळूच म्हणाला, 'म्हंजे अजून पर्मनंट न्हाई केलं व्हय.' झालं, पोहे खाऊन परत. तेव्हा यावर तोडगा असा की ऑफिसात सगळे समान, लग्नाच्या बायोडाट्यावर मात्र ज्याला जे लागेल ते, अगदी असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत सूट द्या. लेटरहेड तुमचंच आहे. लग्न ठरलं की माणूस परत समान.

तुम्हाला कुणी सर म्हणायचं नाही असाही फतवा काढा. ते दुसऱ्या दिवसापासनं दादा म्हणायला लागतील आणि उठून उभे राहतील, आधी सर म्हणताना निदान बसून तरी म्हणायचे.

आता मुख्य काम, निर्णय कसे घ्यायचे. यासाठी होलाक्रसी नावाची पद्धत आहे, ब्रायन रॉबर्टसन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 2007 मध्ये काढलेली, ते स्वतः सॉफ्टवेअर कंपनीवालेच. यात पद नसतं, रोल असतो. डिपार्टमेंट नसतं, सर्कल असतं, सर्कलच्या आत अजून सर्कल. एका माणसाकडं चार-पाच रोल असू शकतात. कंपनीला चक्क एक लेखी घटना असते आणि मालक त्यावर सही करून आपले अधिकार त्या घटनेच्या स्वाधीन करतो. मीटिंगची पण ठरलेली पद्धत आहे, आधी एकजण प्रस्ताव मांडणार, मग बाकीचे फक्त शंका विचारणार, मग एकेकानं आपापलं मत बोलून घ्यायचं, मग हरकती, आणि हरकत आली तर ती खरी हरकत आहे का नुसती कुरकुर आहे ते तपासायचं. प्रस्ताव कुणाला आवडायची गरज नाही. कुणाची धड हरकत टिकली नाही की झाला पास.

हे ऐकून कॅलिफोर्नियाचा माणूस हरखून जात असेल, आपण कशाला जातोय. आपल्याकडं 1960 चा सहकाराचा कायदा आहे, एक सभासद एक मत, दहा एकरवाला आणि दहा गुंठ्यावाला दोघं सारखेच. वार्षिक सभा बघितलीय ना? विषय क्रमांक सात वाचायला सुरुवात होते, वाक्यात क्रियापद यायच्या आत मागच्या रांगेतनं 'मंजूर, मंजूर', हरकतवाला उभा राहतो तेव्हाच नेमका माइक बंद पडतो, आणि माइक दुरुस्त होतो तो थेट आभाराला. कुणाची हरकत टिकली नाही, पास. त्यामुळं होलाक्रसीचं ट्रेनिंग लाखभर रुपये देऊन घेण्याआधी घरातल्या एखाद्या माजी संचालक चुलत्याला विचारा, एका कपभर चहात तो सगळं शिकवेल, वर यादी कशी लावायची तेही सांगेल.

लास वेगासच्या झॅपोसला असा चुलता नव्हता बहुतेक. ऑनलाइन बूट विकणारी कंपनी, 2009 पासनं ॲमेझॉनच्या मालकीची, तेव्हा माणसं दीड हजाराच्या आसपास. टोनी शे नावाचे त्यांचे प्रमुख, त्यांनी 2013 मध्ये होलाक्रसी आणायची ठरवली आणि 2015 मध्ये सगळ्यांना पत्र पाठवलं, की हे पटत असेल तर राहा, नसेल तर पैसे घेऊन जा. साधारण 14 टक्के लोक पैसे घेऊन गेले. बाकी एक बघा, इथं साहेब नको असं ठरवणारा कोण? साहेबच. सर्कलनं नाही ठरवलं. तुमचंपण तसंच होणार आहे तर खंत करू नका, लोकशाही वरनंच आणावी लागते, नाहीतर येतच नाही.

पगारवाढीचं काय, असं पोरं विचारतील, तुम्ही विचारू नका म्हटलं तरी विचारतील. वॉल्व्हमध्ये सहकारीच एकमेकांना नंबर लावतात आणि त्यावरनं पगार ठरतो असं हँडबुकात आहे. करून बघा. आपल्याकडं माणूस शेजारच्याचं कौतुक तोंडावर करत नाही ते चिठ्ठीवर काय करणार, त्यामुळं पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी सात दिलेले असतील. दुसऱ्या वर्षी इन्व्हर्टरकडच्या सहाजणांनी एकमेकांना नऊ नऊ दिलेले असतील. तिसऱ्या वर्षी कोण कुणाबरोबर कृष्णेच्या घाटावर भडंग खायला जातं यावर बेसिक ठरेल. याला पारदर्शक मूल्यांकन म्हणायचं.

रजा अमर्यादित करून टाका, ती सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे, कारण हद्द नसली की घेणाऱ्याला आपण किती घेतोय याची धास्ती बसते आणि तो कमी घेतो. किकस्टार्टर म्हणून लोकांकडनं वर्गणी गोळा करून देणारी अमेरिकेतली वेबसाइट आहे, त्यांनी 2015 मध्ये ही भानगड बंद करून सरळ 25 दिवस ठरवून दिले. तुमच्याकडं मात्र द्राक्षाची छाटणी, गावची जत्रा आणि मावसभावाची हळद एकाच आठवड्यात आली की काय करायचं ते सर्कलला विचारा. सर्कल पण हळदीलाच गेलेलं असेल.

मधेच कुणीतरी वाचनाची खोड असलेली पोरगी येऊन सांगेल की दादा, जो फ्रीमन म्हणून अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीतल्या बाई, त्यांनी 1970 च्या दशकातच लिहून ठेवलंय, रचना नाही म्हणणाऱ्या गटात पण रचना असतेच, फक्त ती दिसत नाही, आणि दिसत नसल्यामुळं तिला जाब विचारता येत नाही. किंवा म्हणेल की वॉल्व्हमधनंच 2013 मध्ये काढलेल्या इंजिनियर जेरी एल्सवर्थ सांगतात की तिथं वरवर कुणी बॉस नव्हता पण आत लपलेला एक ताकदवान थर होता आणि सगळं हायस्कूलसारखं, कोण कुणाच्या टोळीत त्यावर चालायचं. अशा मुलीला लगेच एखादा मोठा रोल द्या. 'संस्कृती संवर्धन' वगैरे. आणि तिच्या टेबलाची चाकं तेवढी तपासून घ्या, दाराकडं ढकलायला सोपी पाहिजेत.

बॉस नसलेल्या कंपनीत माणसाला काढतं कोण हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल तर तो काढून टाका. वॉल्व्हच्या हँडबुकात मालक गेब न्यूवेलबद्दल असं आहे की या कंपनीत जे जे तुमचे बॉस नाहीत त्या सगळ्यांत सगळ्यात जास्त बॉस 'नसलेला' माणूस म्हणजे गेब. वाक्य फ्रेम करून रिसेप्शनला लावा, खाली तुमचं नाव. याच कंपनीत तेव्हा यानिस व्हारुफाकिस नावाचे अर्थशास्त्रज्ञ नोकरीला होते, त्यांनी या साहेबमुक्त कारभारावर लेखबिख लिहिले, आणि 2015 मध्ये ते ग्रीसचे अर्थमंत्री झाले. मग ग्रीसच्या कर्जाच्या बोलणीत युरोपातल्या सगळ्या साहेबांची एकदमच गाठ पडली. जुलैपर्यंत राजीनामा.

फसलेल्यांच्या गोष्टी ऑफिसात सांगू नका. मीडियम या लेख छापणाऱ्या वेबसाइटनं 2016 मध्ये होलाक्रसी सोडली. प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहबला बरीच वर्षं मॅनेजर नव्हते, मग नेमावे लागले. गूगलवाल्यांनी तर अगदी सुरुवातीच्या काळातच इंजिनियरांवरचे मॅनेजर काढून बघितले होते, तर लोक खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन थेट संस्थापक लॅरी पेजच्या दारात, काही महिन्यांत मॅनेजर परत. तुमच्या दारात तर ते आत्ताही येतायत, जेवणाच्या डब्यावरनं झालेलं भांडण घेऊन.

चाललेल्यांच्या गोष्टी तर त्याहून सांगू नका. गोअर म्हणून कंपनी आहे, 1958 ची, गोअर-टेक्स या पाणी आत न येणाऱ्या कापडावाली, तिथं हे बऱ्यापैकी टिकलंय. पण त्यांनी काय केलं, एका कारखान्यात माणसं दोनशेच्या आसपास गेली की दुसरा कारखाना काढायचा, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखत राहतील, आणि नव्या माणसाला एक जुना माणूस नेमून द्यायचा, त्याच्याकडं लक्ष ठेवायला, त्याची बाजू मांडायला. याला पैसा लागतो, वर्षानुवर्षं लागतात आणि मालकाला खरंच गप्प बसावं लागतं. आपलं बजेट चाकांपुरतं आहे.

शेवटची अडचण बँकेची. ओव्हरड्राफ्ट वाढवायला जाल तेव्हा मॅनेजर (त्यांच्याकडं अजून असतो) फॉर्म पुढं सरकवेल, त्यात 'अधिकृत सही करणारा' असा रकाना असतो, जीएसटीच्या पोर्टलवर असतो, पीएफला असतो, फॉर्म सोळावर असतो. तिथं 'आमचं सर्कल' असं लिहून चालत नाही. तुम्हीच सही करा, शिक्का मारा, जामीन म्हणून घराची कागदपत्रं द्या, आणि ऑफिसात आल्यावर सांगा की ओव्हरड्राफ्टचा विषय सर्वानुमते पास झाला. मागच्या रांगेतनं कुणीतरी मंजूर म्हणेलच.