पपईच्या पानांचा रस आणि डेंग्यू: त्या मेसेजमधला एकेक दावा

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘डेंग्यूत पपईच्या पानांचा रस घ्या. २४ तासांत प्लेटलेट्स २० हजारांवरून लाखावर जातात. ॲडमिट व्हायची गरज नाही. रस नैसर्गिक असल्याने अपाय नाही. पान मात्र नर झाडाचंच हवं.’

२४ तासांत प्लेटलेट्स वाढतात? डेंग्यूत त्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात घसरतात आणि मग आपसूक चढतात. लोक रस सुरू करतात तो रिपोर्टमध्ये आकडा खाली दिसल्यावर, म्हणजे चढाची वेळ जवळ आलेली असताना. श्रेय पानाला जातं. मलेशियातल्या २०१३ च्या एका चाचणीत रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट्स लवकर वाढलेल्या दिसल्या, हे मान्य. पण त्याने रक्तस्राव टळतो किंवा जीव वाचतो, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही.

ॲडमिट व्हायची गरज नाही, हे वाक्य सगळ्यात घातक. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, झिरपून रक्तदाब कोसळल्याने. हे होतं नेमकं ताप उतरताना, जेव्हा घरच्यांना हायसं वाटतं. सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर प्लेटलेट्सच्या जोडीला हिमॅटोक्रिट, म्हणजेच पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), रोज बघा. तो चढत असेल तर रक्त घट्ट होतंय. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थता, सहा तासांत लघवी नाही: यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉलच, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

नैसर्गिक म्हणून निर्धोक? पपईचं पान देठाशी तोडा, पांढरा चीक लगेच ठिबकतो. त्यात पपेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. कच्च्या पपईने मटण लवकर शिजतं ते त्याच्यामुळेच. रस जहाल कडू. आधीच मळमळणाऱ्या रुग्णाला त्याने उलटी झाली, तर पोटात गेलेलं ओआरएसही बाहेर पडतं, आणि या आजारात पाणीच तर टिकवायचं असतं. गरोदर बायका, लॅटेक्सची (रबराच्या चिकाची) ॲलर्जी असणारे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे यांनी तर हा रस टाळावाच. शेतातल्या पानावर कीटकनाशक असू शकतं, तेही वेगळंच.

नर झाडाचं पान ओळखता येत नाही. पपईचा नर-मादी भेद फुलांवरून कळतो: नराची फुलं लांब लोंबत्या दांड्यांवर झुपक्याने, मादीची खोडालगत, मोठी, आखूड देठाची. दोन्ही अंगं एकाच फुलात असलेली झाडंही असतात. नराच्याच पानात औषध असतं, याला काही आधार नाही.

ताप आला की पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी, त्यानंतर आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची. आणि घरात फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, पाणीकपातीसाठी भरलेले पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात.