दोन इंच वाढवून मिळतील का?

ऑफ-रोड रेसच्या ट्रकचा सस्पेन्शन ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली हलायला मिळणारी जागा, अपुरा आहे, हे कळायला फार अक्कल लागत नाही. मणका आपणहून सांगतो. मग माणूस लांब शॉक (धक्के शमवणारे नळकांडे) विकत घ्यायला निघतो. अशा माणसाच्या हातात मी आधी मोजपट्टी देतो. ट्रॅव्हल बहुतेक वेळा गाडीतच असतो, कोणीतरी तो अडवून बसलेलं असतं.

चेसिस भक्कम स्टँडवर घ्या. शॉक काढा. कॉइल स्प्रिंग असेल तर तीही काढा. पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर फक्त मुख्य पाटा ठेवा, म्हणजे ॲक्सल जागेवर राहील. आता जॅकने ॲक्सल इंच-इंच वर न्या आणि खाली सोडा. आधी एक बाजू, मग दोन्ही, मग स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला वळवून. इथे लग्नघराची कळा येते: एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसतो. टायरला जागा हवी म्हणून पत्रा कापला की ब्रेकचा होज ताणतो. होज लांब घातला की प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे ॲक्सलला ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, क्रॉस (वळणारा सांधा) अडतो. शाफ्टचा सरकता जोड पूर्ण दाबल्यावरही इंचभर मोकळा राहायला हवा, आणि चाक लोंबताना त्याचे दाते पुरेसे गुंतलेले हवेत. हे न पाहता मारलेली उडी शाफ्ट रस्त्यावर सोडून येते.

सगळ्यांचा आवडता उपाय म्हणजे रबरी बम्प स्टॉप, म्हणजे ॲक्सलला वर जाताना शेवटी अडवणारा ठोकळा, कापणे. खर्च शून्य, म्हणूनच महागात पडतो. स्टॉप कापला की शॉक स्वतःच स्टॉप होतो आणि एका दणक्यात माउंट उखडतो. स्टॉप पूर्ण चेपल्यावर शॉकमध्ये किमान अर्धा इंच उरायलाच हवा. खालच्या टोकालाही तेच: शॉक पूर्ण ताणला जाण्याआधी लिमिट स्ट्रॅपने (चेसिसला बांधलेल्या पट्ट्याने) ॲक्सल धरला पाहिजे. नायलॉनचा स्ट्रॅप झटक्यात ताणतो, म्हणून तो मोजमापापेक्षा थोडा आखूडच घ्यावा.

दुसरी हौस शॉक तिरका करण्याची. उभ्या शॉकचा 10 इंच स्ट्रोक (दांड्याची धाव) 30 अंश कलला की ॲक्सलला साधारण साडेअकरा इंच मिळतात. दीड इंच फुकट! पण चाकापाशी डॅम्पिंग, म्हणजे उसळी शमवण्याची ताकद, पाऊणच उरतं, 45 अंशांवर तर निम्मंच. पुढे ट्रक उड्या मारत राहतो आणि चालक मान डोलावत राहतो, संमती असो वा नसो. 30 अंशांपुढे मी कोणालाच जाऊ देत नाही. त्याऐवजी चेसिसवर वरचा माउंट उंच वेल्ड करून लांब शॉक उभा बसवा.

पाट्यांत मात्र खरा माल आहे. पाट्याचा कडकपणा लांबीच्या घनाने घटतो, म्हणजे 10 टक्के लांब पाटा जवळपास पाव भाग मऊ. जाडीचं उलट: थोडी वाढली तरी तो फार कडक होतो. त्यामुळे दुसऱ्या ट्रकचे लांब, पातळ पाटे हीच कमी पैशांतली खरी खरेदी. जादा वजनासाठी खाली लावलेला जाड ओव्हरलोड पाटा काढा, गंज घासा, टोकांच्या कडा गोल करा. पाटे मऊ झाले की ॲक्सल पीळ खातो, तेव्हा तो पीळ अडवणाऱ्या दांड्याचं, ट्रॅक्शन बारचं, वेल्डिंग हिशेबात धरा. शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) 2 इंच लांब केलं तर गाडी जेमतेम 1 इंच उचलते, ट्रॅव्हल तेवढ्याने वाढत नाही. दाबताना पाटा लांबतो तेव्हा शॅकलला चेसिसला न लागता मागे झुकायला जागा हवी. जोडताना पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात.

शेवटी शॉकच्या दांड्यावर एक प्लास्टिकची बांधपट्टी आवळून शॉकच्याच नळकांड्याला टेकवून ठेवा आणि एक फेरी मारा. पट्टी तळापासून तीन इंच अलीकडेच थांबलेली दिसली, तर तुम्ही वाढवलेला ट्रॅव्हल ट्रकला अजून कळवलेला नाही. स्प्रिंग किंवा शॉकमधलं व्हॉल्व्हिंग (तेलाच्या झडपांची जुळणी) मऊ करा, आणि पट्टी पुन्हा वर सरकवा.