दुसरं स्वयंपाकघर

गेल्या उन्हाळ्यात कॅनडात, ब्रॅम्प्टनला लेकीकडे राहून आले. सगळे नायगाऱ्याचं विचारतात. माझ्या मनात मात्र तिच्या घरातली एक खोली घर करून बसलीय.

हॉलला लागून मोठं उघडं किचन. त्याच्या मागे, दाराआड, आणखी एक छोटं स्वयंपाकघर. गॅस, खिडकी आणि धूर जोरात ओढणारी चिमणी. तिकडचे बिल्डर त्याला 'स्पाइस किचन' म्हणतात. मी तव्यावर मिरच्या भाजल्या, लसूण टाकला, ठेचा रगडला, तरी हॉलमध्ये झोपलेल्या नातीला ठसका लागला नाही. आधीच्या भाड्याच्या घरात मोहरी तडतडली की धुराचा भोंगा ओरडायचा आणि जावई टॉवेलनं वारा घालत उभे राहायचे.

अमेरिकेतली लेव्हिटाउनसारखी उपनगरं १९४७ नंतर उभी राहिली, ती नवरा-बायको आणि लेकरं एवढंच कुटुंब धरून. म्हाताऱ्या आईबापांची खोली त्यात कुठली? पुढे बाहेरून आलेल्यांनी घरं बदलायला लावली. व्हँकुव्हरला तर वर आपण आणि खाली आईबाप किंवा भाडेकरू अशी सोय होणारी दुमजली घरं इटालियन, चिनी, पंजाबी कुटुंबांनी उचलून धरली.

आम्हीही बाहेरूनच आलेलो. सासरे गेवराईकडून नोकरीसाठी संभाजीनगरला आले, सिडको एन-सहाला दोन खोल्या घेतल्या. सासूबाईंनी दारापुढे बसायला ओटा बांधून घेतला, मागं पत्र्याखाली चूल मांडली, पलंगाच्या पायथ्याशी ज्वारीची कोठी ठेवली. आमच्या ओळीत बीड, जालना, परभणीकडचीच माणसं. घरोघरी हेच झालं. संध्याकाळी त्या ओट्यांवर निम्मी गल्ली बसलेली असायची. सासूबाईंना शहर परकं वाटलं नाही ते त्या ओट्यामुळं, असं मला आजही वाटतं.

आता मुलासाठी बीड बायपासला फ्लॅट बघतोय. किचन सताड उघडं, भाकरी थापताना कोपर भिंतीला लागतं. वर्षाची ज्वारी कुठं ठेवायची विचारलं, तर तिथला पोरगा म्हणाला, "काकू, आता कोण साठवतं?"

अरे बाबा, आम्ही साठवतो! तुझ्या बिल्डिंगीत येणारे निम्मे लोक गावाकडून पोती आणतात. परक्या देशातला बिल्डर आमच्या फोडणीसाठी भिंत घालतो आणि आपला माणूस तिकडचं जुनं उघडं किचन आणून आमच्या गळ्यात मारतो. घर घेणाऱ्या बाईला नकाशा काढायच्या आधी एकदा तरी विचारा.

मुलाला सांगून ठेवलंय, स्वयंपाकघराला दार मिळाल्याशिवाय बुकिंगचा चेक द्यायचा नाही.