‘गेम पळतो, मग विंडो का अडखळते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज पुन्हा शांतपणे वाचली. सूर कडक आहे, पण मुद्दे नेमके आहेत. त्यामुळे ‘धन्यवाद, विचार करते’ एवढं लिहून मोकळं होणं मला पटेना.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की जास्त रिझोल्यूशनच्या, म्हणजे पडद्यावर जास्त पिक्सेल (ठिपके) असलेल्या लॅपटॉपवर मेनू उघडणं, स्क्रोल करणं, विंडो सरकवणं जड वाटत असेल तर तो भास नाही. पिक्सेलचा भार खरा असतो. आणि शेवटी सल्ला दिला होता की रिझोल्यूशन कमी करा. त्यावर तुमचं म्हणणं असं: ज्या लॅपटॉपवर गेम सुरळीत चालतो त्याला एक विंडो सरकवणं जड जाईलच कसं? रॅम १६ जीबी आहे, मग कमी काय पडतंय? दोष गचाळ सॉफ्टवेअरचा आहे, पडद्याला बोल लावू नका. आणि रिझोल्यूशन कमी करायला सांगणं म्हणजे चांगला पडदा घेतल्याबद्दल माणसाला शिक्षा करणं आहे.

शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकले. २८८० × १८०० च्या पॅनेलवर १९२० × १२०० लावलं की दर दीड पिक्सेलला एक पिक्सेल बसवावा लागतो. तो नीट बसत नाही, अक्षरांच्या कडा पुसट होतात. मी दिवसभर देवनागरी वाचते. रफार, उकार, जोडाक्षरातलं अर्धं अक्षर या सगळ्या बारीक रेघा कमी पिक्सेलमध्ये एकमेकींत मिसळतात आणि संध्याकाळपर्यंत डोळे दुखायला लागतात. चांगल्या पडद्यावर पहिल्यांदा ‘दृष्ट्या’ हा शब्द सगळ्या अवयवांसकट दिसला होता, तो आनंद मला अजून आठवतो. तो सोडून द्या असं मी कुणाला सांगायला नको होतं. रिझोल्यूशन कमी करणं ही दोन मिनिटांची तपासणी म्हणून ठीक आहे. उपाय म्हणून नाही.

आता गेमचा मुद्दा. हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

तुमच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे असं तुम्ही लिहिलंय. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीयू, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिप, दोन असतात. गेम सुरू झाला की मोठा जीपीयू जागा होतो. पण डेस्कटॉप, म्हणजे विंडो, मेनू, टास्कबार, ही सगळी जुळणी प्रोसेसरच्या आतला छोटा जीपीयू करत असतो, बॅटरी वाचावी म्हणून. म्हणजे जो गेम पळवतो तो विंडो सरकवतच नाही. गेमच्या कामगिरीवरून डेस्कटॉपची परीक्षा करता येत नाही, कारण परीक्षेला बसलेला विद्यार्थीच वेगळा आहे.

एकच जीपीयू असला तरी फरक उरतो. गेम सतत काम देतो, त्यामुळे जीपीयूचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, चढलेला राहतो. डेस्कटॉपवर मात्र तुम्ही अर्धा मिनिट वाचत बसता, जीपीयू झोपेला येतो, क्लॉक खाली जातो, आणि अचानक तुम्ही मेनू उघडता. मेनूचं ॲनिमेशन समजा पाव सेकंदाचं. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवणाऱ्या पडद्यावर पाव सेकंद म्हणजे १५ फ्रेम. क्लॉक वर चढेपर्यंत त्यातल्या पहिल्या काही फ्रेम गेलेल्या असतात, आणि हाताला जाणवतात त्या नेमक्या त्याच. शिवाय बरेच गेम आतल्या आत कमी रिझोल्यूशनला चित्र काढून ते ताणून दाखवतात. धावत्या दृश्यात ते खपून जातं. स्थिर अक्षरांच्या पानावर तसं केलं तर लगेच डोळ्यांत खुपेल, म्हणून डेस्कटॉपला ती सवलत नाही.

ही ‘फ्रेम चुकणं’ नावाची गोष्ट माझ्या लेखात मी घाईत उरकली होती. ६० हर्ट्झला प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. काम १६ मिलिसेकंदांत झालं तर सगळं लोण्यासारखं. १७ लागले तर? एका मिलिसेकंदाचा उशीर दिसत नाही, अख्खी फ्रेम जाते, कारण ठरलेल्या क्षणी चित्र तयार नसेल तर पडदा जुनंच चित्र पुन्हा दाखवतो आणि नवं चित्र पुढच्या फेरीला येतं. १७ चे ३३ होतात. म्हणून लॅपटॉप ‘थोडासा’ कमी पडला तरी अनुभव थोडासा बिघडत नाही, एकदम बिघडतो. आणि हल्ली जास्त रिझोल्यूशनबरोबर १२० हर्ट्झही येतं, तेव्हा हातात ८.३ मिलिसेकंदच उरतात. १९२० × १०८० म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल; २८८० × १८०० म्हणजे ५१.८ लाख, अडीच पट. वेळ निम्मा आणि पिक्सेल अडीच पट, म्हणजे दर सेकंदाचं काम बरोबर पाच पट. लॅपटॉपच्या एका पिढीतून पुढच्या पिढीत छोटे जीपीयू पाच पट झालेले नाहीत.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक गोष्ट करा. एखादी मोठी विंडो वरच्या पट्टीला धरून झपझप डावीकडे-उजवीकडे ओढा. अडचण असलेल्या लॅपटॉपवर माउसचा बाण पुढे निघून जातो आणि विंडो बोटभर मागे राहून त्याच्या पाठोपाठ येते, रबराला बांधल्यासारखी. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती ओढत बसले होते. बाण एवढा चपळ का? कारण बाण बहुधा बाकीच्या चित्रात रंगवलेलाच नसतो. डिस्प्लेचं हार्डवेअर तो वेगळ्या थरावर ठेवतं आणि पडद्यावर पाठवताना वरून बसवतं, त्यामुळे त्याची जागा बदलायला काहीच पुन्हा काढावं लागत नाही. विंडोला मात्र जुळणीच्या रांगेतून जावं लागतं. बाण आणि विंडो यांच्यातलं ते अंतर म्हणजे तुमच्या लॅपटॉपची थकबाकी. (बाणच अडखळत असेल तर भानगड वेगळी. बाहेरच्या मॉनिटरवर असं दिसलं तर आधी रिफ्रेश रेट बघा. एचडीएमआय १.४ च्या जोडणीवर फोर-के (३८४० × २१६०) सहसा ३० हर्ट्झला अडकतं. पूर्ण रंगांसह ६० साठी २.० लागतं. तिथे जीपीयू बदलून काही होणार नाही.)

रॅमबद्दल. १६ जीबी पुरेशी आहे, वाद नाही. पण इथे टाकी किती मोठी यापेक्षा नळ किती रुंद हे महत्त्वाचं. छोट्या जीपीयूला स्वतःची मेमरी नसते, तो प्रोसेसरच्याच रॅममधून पितो. फोर-के पडद्याची एक फ्रेम म्हणजे ८३ लाख पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे साधारण ३३ मेगाबाइट. ती सेकंदाला ६० वेळा नुसती वाचून पडद्याकडे पाठवायची तरी सेकंदाला २ जीबी लागतात. त्याआधी ॲप आपलं चित्र लिहितं, जुळणी करणारा कंपोझिटर ते वाचतो, सगळं एकत्र करून पुन्हा लिहितो. पूर्ण पडदा हलत असेल तर हा हिशेब सहज ८ जीबीपर्यंत जातो. त्यावर मागचं धूसर दाखवणारा मेनू असेल तर प्रत्येक धूसर पिक्सेलसाठी आजूबाजूचे कितीतरी पिक्सेल वाचावे लागतात, ते आणखी वेगळं.

आता नळ. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी कागदोपत्री सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या ५१.२. आणि त्यात प्रोसेसरही वाटेकरी असतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये १६ जीबीची एकच पट्टी होती. तक्रार हुबेहूब तुमच्यासारखी, उत्तर शोधताना आम्ही ड्रायव्हर (जीपीयू चालवणारं सॉफ्टवेअर) तीनदा बदलले. शेवटी दुसऱ्या खोबणीत तशीच आणखी एक पट्टी बसवली आणि स्क्रोलिंग सुधारलं. रॅम तोवर निम्मीसुद्धा भरत नव्हती, त्यामुळे वाढलेल्या १६ जीबींचा त्यात हात नव्हता. दुसरा नळ उघडला गेला, एवढंच. तुमच्या लॅपटॉपमध्ये एक पट्टी आहे की दोन हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्याचीच आहे. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, तिथे हा मार्ग बंद. पण कारण तरी कळतं.

‘दोष सॉफ्टवेअरचा’ हे तुमचं वाक्य मला मान्य आहे, आणि त्याचा सगळ्यात ठळक पुरावा तुम्ही दिला नाहीत, तो मी देते. स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि मेनू किती मोठे दाखवायचे ते प्रमाण. २०१२ साली ॲपलने रेटिना पडद्याचा पहिला मॅकबुक प्रो आणला, २८८० × १८०० चा. त्यात १९२० × १२०० सारखी जागा हवी म्हणून सेटिंग बदललं की सिस्टिम आधी ३८४० × २४०० चं चित्र काढायची आणि मग ते आकसून पडद्यावर बसवायची. पडद्यावर पिक्सेल ५२ लाख, काढलेले ९२ लाख. वापरणाऱ्याने फक्त अक्षरं थोडी लहान मागितली होती, आणि काम पावणेदोन पटींहून जास्त झालं. लिनक्सच्या काही डेस्कटॉपवर हेच घडतं: फोर-केवर १५०% मागितलं की ५१२० × २८८० चं चित्र २००% ला काढून लहान केलं जातं, म्हणजे ८३ लाखांऐवजी १ कोटी ४७ लाख पिक्सेल. लिनक्सवर पडद्याची जुळणी ज्या नियमांनी होते त्या वेलँडमध्ये २०२२ साली अपूर्णांकातल्या स्केलिंगचा प्रोटोकॉल आला तेव्हापासून ॲपला नेमकं प्रमाण कळू शकतं आणि ही उधळपट्टी टाळता येते, पण ॲपने आणि डेस्कटॉपने दोघांनीही तो वापरला तर. विंडोजची रीत वेगळी. तिथे डीपीआय (पडद्यावर पिक्सेल किती दाट आहेत ते) समजणारं ॲप थेट १५०% लाच चित्र काढतं, आणि न समजणारं जुनं ॲप ताणून पुसट दिसतं, पण जड होत नाही. माझ्या लेखात मी तिन्ही सिस्टिमना एकाच दोरीत बांधलं होतं. ती चूक तुम्ही दाखवली नाहीत, तुमच्यासाठी उत्तर लिहिताना माझी मलाच सापडली.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण लेखाखाली आणखी दोघांनी तो लिहिला आहे: स्केलिंग २००% केल्याने पिक्सेल कमी होत नाहीत. अक्षरं मोठी होतात, पण ती काढायला सगळेच्या सगळे पिक्सेल लागतात.

सॉफ्टवेअरचा दुसरा दोष याहून लपलेला. ड्रायव्हर नीट बसला नाही की चित्र काढण्याचं काम गुपचूप प्रोसेसरवर येतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ हे नाव दिसतं, लिनक्सवर ‘एलएलव्हीएमपाइप’. ब्राउझरने एखादा ड्रायव्हर नाकारला तर फक्त ब्राउझरपुरतं असं होतं. हार्डवेअर ॲक्सेलरेशन (चित्राचं काम जीपीयूकडे देणं) चालू आहे का ते क्रोमच्या जीपीयूच्या माहितीपानावर लिहिलेलं असतं. १९२० × १०८० वर हा दोष बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, प्रोसेसर कसाबसा निभावून नेतो. चौपट पिक्सेल आले की त्याचा दम संपतो. मग या प्रसंगात दोष कुणाचा म्हणायचा? सॉफ्टवेअरचाच. पण तो दिसला पडद्यामुळे. म्हणून मला पिक्सेलचा हिशेब सोडावासा वाटत नाही, कारण तो मांडल्याशिवाय ‘गचाळ सॉफ्टवेअर’मधलं नेमकं काय गचाळ आहे हे सापडत नाही.

तेव्हा तुमच्या लॅपटॉपसाठी माझं सांगणं असं. ज्या पानावर स्क्रोलिंग अडखळतं ते उघडा, विंडो पडद्याच्या पाव आकाराएवढी करा आणि तेच पान पुन्हा स्क्रोल करा. एकदम सुरळीत झालं तर पिक्सेलचा भार खरा आहे. मग रॅमच्या पट्ट्या, स्केलिंगचं प्रमाण, पारदर्शक आणि धूसर इफेक्ट या क्रमाने बघत जा. तितकंच अडखळत राहिलं तर पडद्याचा संबंध नाही, बहुधा त्या पानाची स्क्रिप्ट मुख्य थ्रेड (ब्राउझरची कामांची मुख्य रांग) अडवून बसली आहे, आणि रिझोल्यूशन कमी करून तुम्हाला काहीच मिळालं नसतं. हीच चाचणी एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून करा. फरक मोठा असेल तर पॉवर मोड आधी तपासा.

मूळ लेखातली ‘रिझोल्यूशन कमी करा’ ही ओळ मी आज काढली आहे. तिच्या जागी ही पाव विंडोची चाचणी टाकली आहे आणि स्केलिंगचा परिच्छेद मॅक, लिनक्स, विंडोज असा वेगवेगळा लिहिला आहे. तुम्ही चाचणी केलीत की तीन गोष्टी कळवा: पाव विंडोत काय झालं, स्केलिंग किती टक्के आहे आणि रॅमची पट्टी एक की दोन. उत्तर आलं की पुढचं मिळून शोधू.