अक्षर चांगलं असण्याची शिक्षा

शाळेत बाईंनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, ते अजून मला महागात पडतंय. गणपतीच्या पावत्या असोत नाहीतर मंडळाचा फलक, गल्लीतली पोरं सरळ दारात येतात. "काका, तेवढं लिहून द्या की वो."

२०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला पोरांना सगळ्या संघांची नावं फलकावर हवी होती. एका संघात २३ गडी होते आणि काम खडूचं. आइसलँडचा संघ लिहिताना तर हात आपोआप चालला. २३ पैकी २२ आडनावं 'सन'वर संपणारी. गुन्नारसन, फिन्बोगासन, ब्यार्नासन. मुतगेकर, सांबरेकर, उचगावकर लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्याला यात परकं काय? ते बापाच्या नावाला शेपूट लावतात, आम्ही गावाच्या.

२०२२ ला कतारला संघ तेवढेच ३२, पण प्रत्येकी २६ गड्यांची मुभा. म्हणजे ८३२ पर्यंत नावं! पोरांनी देखाव्याचं जुनं प्लायवूड काळं रंगवून आणलं, वर पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा. "खडू पुसतोय वो काका. पेंट टिकतोय."

टिकतोय, तेच तर दुखणं.

पोलंडच्या गोलकीपरपाशी ब्रश अडला. श्चेन्स्नी. एवढी जोडाक्षरं मी आयुष्यात फक्त लग्नपत्रिकेत काढली होती. कोरियाच्या यादीत सहा किम निघाले. आमच्या मतदार यादीतले पाटील आठवून मी गप लिहीत राहिलो. पुढे विल्यम्स नावाचे दोन सख्खे भाऊ आले, इनाकी घानाकडून आणि निको स्पेनकडून. पोरांना केवढं नवल! मला कसलं? माझा थोरला भाऊ चंदगडला, गाडी एमएच ०९. माझी केए २२. मध्ये शिनोळी, महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द. सणाला दोघं एकाच ताटात जेवतो.

सेनेगल लिहीत होतो तेव्हा समोरच्या मावशी परडीत शेंगा घेऊन फलकापाशी आल्या. एकेक नाव बोट ठेवून वाचता वाचता थांबल्या.

"माने? कुठले बा हे माने? निपाणीकडचे काय?"

"नाही वो मावशी. सादिओ माने. आफ्रिकेतले."

"असंना का. आडनाव आपलंच हाय."

त्या दिवसापासून मावशींचा संघ सेनेगल. आणि तिसऱ्या दिवशी बातमी आली, पायाच्या दुखापतीमुळं माने स्पर्धेबाहेर. पहिल्या सामन्याच्या २४ तास आधीपर्यंत जखमी गडी बदलता येतो असा नियम. नियम करणाऱ्यांनी ऑइल पेंट कधी खरवडलेला दिसत नाही. टर्पेंटाइनची चिंधी घेऊन बसलो, तर मान्यांबरोबर वरचा गोलकीपरही अर्धा गेला. दोन दिवसांनी फ्रान्सचा बेन्झेमा जायबंदी. फ्रान्सनं त्याच्या जागी कुणाला घेतलंच नाही, २५ वर भागवलं. गड्यांनो, तुमचे उपकार! तिथं मी नुसता काळा पट्टा मारला.

१८ डिसेंबरला फायनल. अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली, पोरं फटाके लावत चौकाकडं धावली. धुरात फलकापाशी मी एकटा, हाताला अजून टर्पेंटाइनचा वास. मावशी दारातून हाका मारत होत्या.

"ऐकलंत काय? त्या मान्यांच्या पोराचा पाय बरा झाला काय?"